एका टेकचा हट्ट धरण्यापूर्वी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी संहिता मिळाली आणि सोबतचे पत्रही मिळाले. पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्या पाच बायका, त्यांच्यापैकी एकीवर वाघाचा हल्ला, आणि हे सारे चाळीस मिनिटांच्या एकाच अखंड टेकमध्ये, म्हणजे कॅमेरा मध्ये कोठेही न थांबवता, असा तुझा आराखडा आहे. घटना खरी आहे, तुझ्याच गावाच्या शिवारातली आहे आणि ती बाई तुझ्या रोजच्या पाहण्यातली होती, हेही तू लिहिले आहेस. प्रश्न मात्र तू यंत्रांविषयी विचारला आहेस: मोबाइल पुरेल की नागपुरातून कॅमेरा भाड्याने आणावा, आणि गिंबल, म्हणजे चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारे उपकरण, कोणते घ्यावे. त्याचे उत्तर मी पत्राच्या शेवटी थोडक्यात देईन, कारण त्या प्रश्नाचे महत्त्व तेवढेच आहे. त्याआधी मला वेगळ्याच गोष्टीविषयी लिहायचे आहे. तुझा कॅमेरा त्या पहाटे नेमका कोणाबरोबर आहे, हे संहिता दोनदा वाचूनही मला कळले नाही.

पहिली अकरा मिनिटे तो बायकांच्या मागून चालतो. बाराव्या मिनिटाला तू त्याला ड्रोनला जोडून झाडांच्या वर नेतेस, आणि खाली फिरणारा वाघ आम्हाला दिसतो; बायकांना तो दिसत नाही. मग कॅमेरा गवतात उतरतो आणि वाघाच्या नजरेने त्यांच्याकडे पाहतो. त्यानंतर झेप, किंकाळी आणि शेवटी गावाकडे पळणाऱ्या चौघी. यात कोठेही कट नाही, हे मान्य. तरीही प्रेक्षकाला तू तीन वेळा एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवले आहेस. संकलक टेबलावर बसून जे काम कटने करतो, तेच काम तू ड्रोनने केलेस. मग कट टाळण्याचे एवढे कष्ट घेऊन हाती काय लागले? कॅमेरा वाटेल तेव्हा वाटेल तेथे जाऊ शकत असेल, तर टेक अखंड असल्याचे समाधान फक्त तुला आणि तुझ्या कॅमेरामनला मिळेल. पाहणाऱ्याच्या छातीवर त्याचे ओझे येणार नाही.

अखंड टेकच्या बाजूने ज्या नॉर्वेजियन चित्रपटाचा तू दाखला दिला आहेस, तो ‘उटोया: 22 जुलै’ मीही पाहिला आहे, आणि तुझे म्हणणे खोडून काढण्यासाठी त्याचाच आधार घेतो. 22 जुलै 2011 रोजी नॉर्वेमध्ये एकाच माणसाने दोन हल्ले केले. आधी ऑस्लो शहरात सरकारी कार्यालयांच्या आवारात बॉम्बस्फोट घडवला, त्यात 8 माणसे मेली. मग पोलिसाचा वेश करून तो उटोया नावाच्या, एका सरोवरातल्या लहानशा बेटावर गेला. तेथे मजूर पक्षाच्या युवक संघटनेचे उन्हाळी शिबिर भरले होते. बेटावर त्याने 69 जणांचा जीव घेतला, आणि त्यांपैकी बहुतेक जण तुझ्या वयाचे किंवा तुझ्याहून लहान होते. दिग्दर्शक एरिक पॉप्पे यांचा चित्रपट 2018 च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात प्रथम दाखवला गेला. आरंभी ऑस्लोतील स्फोटाची थोडकी दृश्ये येतात. बेटावर पोहोचल्यावर मात्र कॅमेरा एकदा चालू होतो तो शेवटपर्यंत थांबत नाही.

आता त्यातली मुख्य गोष्ट लक्षात घे. बेटावरचा गोळीबार 72 मिनिटे चालला होता, आणि पडद्यावरही तो 72 मिनिटेच चालतो. म्हणजे टेकची लांबी दिग्दर्शकाच्या हौशीतून आलेली नाही, ती त्या दिवसाने ठरवून दिलेली आहे. वर्तमानपत्रात ‘72 मिनिटे’ हा आकडा वाचून आपण पुढच्या ओळीवर जातो. एका मुलीशेजारी झाडाच्या बुंध्याआड, ओल्या मातीत, खडकाच्या कपारीत तीच 72 मिनिटे काढावी लागतात तेव्हा त्या आकड्याचे वजन कळते. गोळ्यांचे आवाज जवळ येतात, दूर जातात, मध्येच थांबतात. आणि ते थांबतात तेव्हा अधिक भीती वाटते, कारण तो माणूस आता कोणत्या बाजूला आहे हे समजण्याचा एकमेव मार्गही बंद झालेला असतो. एखादा कट आला असता तर आपण मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला असता. कट म्हणजे मधला काही वेळ कोणीतरी आपल्या वतीने गाळला आहे, याची खूण असते. त्या मुलांसाठी कोणी काही गाळले नव्हते, म्हणून पॉप्पे आपल्यासाठीही गाळत नाहीत. अखंड टेकचे मला पटलेले कारण एवढेच आहे.

दुसरी गोष्ट, कॅमेरा त्या मुलीला सोडत नाही. काया हे तिचे नाव, आणि आंद्रेआ बर्न्टसेन या तोवर अनोळखी असलेल्या मुलीने ती भूमिका केली आहे. काया आपल्या धाकट्या बहिणीला शोधते आहे. सुरुवातीलाच ती आपल्याकडे रोखून पाहते आणि तुम्हाला हे कधीच समजणार नाही, अशा अर्थाचे काहीतरी बोलते. क्षणभराने लक्षात येते की ती फोनवर आईशी बोलत होती. त्यानंतर तिला जे दिसते तेवढेच आपल्याला दिसते आणि तिला जे ऐकू येते तेवढेच आपल्याला ऐकू येते. ती जमिनीवर पालथी पडली की कॅमेराही पडतो, ती धावली की तोही धडपडत धावतो. हल्लेखोर जवळजवळ दिसतच नाही. एकदोनदा दूरवर एक आकृती उभी असल्यासारखी वाटते, तेवढेच. त्याचे नाव कोणी उच्चारत नाही, आणि मीही या पत्रात ते लिहिणार नाही. त्या माणसाने आपले विचार जगभर पोहोचावेत म्हणून हे हत्याकांड केले होते, आणि बातम्यांनी त्याचा चेहरा पुरेसा दाखवला होता. चित्रपटाने त्याला पडद्यावर जागाच दिली नाही.

2018 सालीच पॉल ग्रीनग्रास यांनी याच घटनेवर आणखी एक चित्रपट केला. त्यात हल्लेखोर दिसतो, न्यायालय दिसते, जखमांतून सावरणारा मुलगा दिसतो, वकील दिसतो. देशाने या घटनेला कसे तोंड दिले, हे ज्याला सांगायचे आहे त्याला हे सारे दाखवावेच लागते, आणि त्यासाठी कटही घ्यावेच लागतात. मी त्या चित्रपटाला कमी लेखत नाही. पण दोन्ही एकापाठोपाठ पाहशील तर टेक घेण्याची पद्धत आणि सांगण्याची गोष्ट एकमेकींना कशा बांधलेल्या असतात, ते तुला कोणी न शिकवता कळेल. सर्वज्ञ निवेदकाला अखंड टेकचा उपयोग नाही. ज्याला थोडेच माहीत आहे आणि जेथे आहे तेथून हलता येत नाही, अशा माणसाच्या सोबतीनेच तो टेक अर्थपूर्ण होतो.

येथवर वाचून तू म्हणशील, ठीक आहे, मग मीही वाघ दाखवणार नाही. थांब. तू वाघ दाखवू नयेस असे मलाही वाटते, परंतु तुझे कारण पॉप्पेंच्या कारणाहून वेगळे असायला हवे, नाहीतर ती नक्कल होईल. बेटावर गेलेल्या माणसाने शस्त्रे जमवली, वेश मिळवला, तारीख ठरवली. त्याच्या मनात द्वेष होता आणि तो त्याने लिहून ठेवला होता. वाघाच्या मनात यातले काहीच नसते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्या ब्रह्मपुरी–सिंदेवाहीच्या पट्ट्यात कोणत्याही जुन्या माणसाला विचार, तो सांगेल की मोहाखाली वाकून किंवा बसून फुले वेचणारी बाई अंधूक उजेडात वाघाला माणूस वाटतेच असे नाही. त्यामुळे तुझ्या कथेतल्या वाघाला प्रसिद्धी नाकारण्याचा प्रश्नच येत नाही. तो न दाखवण्याचे खरे कारण असे की त्या बायकांनीही तो पाहिला नव्हता. तूच लिहिले आहेस की सोबतच्या चौघींपैकी एकीनेही झेप पाहिली नाही. एकीला पाला वाजल्यासारखे वाटले आणि दुसरीला तेही नाही. हाक मारली, उत्तर आले नाही, तेव्हा टोपली आडवी पडलेली दिसली. त्यांच्या त्या न पाहण्यातच सगळी भीती आहे, आणि तू ड्रोन वर पाठवून ती घालवलीस.

शिवाय वाघाच्या नजरेने पाहणारा कॅमेरा नकळत त्याला खलनायक बनवतो. पुढे तो चित्रपट गावोगावच्या चौकात मोबाइलवर पाहिला जाईल. ज्या गावात महिनाभरापूर्वी माणूस गेले आहे, तेथे लोक आधीच वनखात्याची गाडी अडवून बसलेले असतात. त्यांचा राग अकारण नाही, परंतु त्या रागाला तुझ्या चित्रपटाने आणखी एक खोटे चित्र पुरवण्याची गरज नाही. दुसऱ्या टोकाला जाऊन वाघाच्या डोळ्यांत करुणा दाखवण्याचाही मोह टाळ; शहरातल्या काही प्रेक्षकांना तो आवडेल, पण त्या बाईच्या घरी तो दाखवता येणार नाही.

आता लांबीविषयी. नॉर्वेतील घटना 72 मिनिटांची होती, म्हणून टेक तेवढा झाला. तुझी घटना किती वेळाची आहे? हल्ला काही क्षणांत संपतो. त्या क्षणांभोवती तू चाळीस मिनिटे उभी केली आहेस, आणि त्यामुळे पहिल्या अर्ध्या भागात बायका हसतात, गाणी म्हणतात, एकमेकींची चेष्टा करतात, आणि प्रेक्षक मात्र शीर्षक वाचूनच आलेला असल्यामुळे यांच्यापैकी कोण मरणार याचा हिशेब करत बसतो. हा ताण स्वस्तातला आहे. माझे मत विचारशील तर या घटनेतला खरा लांब वेळ हल्ल्यानंतरचा आहे. ती दिसेनाशी झाली तेव्हापासून ती सापडेपर्यंतचा तो वेळ होय. चौघी एकमेकींचा हात धरून मागे सरतात. फोन लावावा तर तेथे रेंज नाही. एकीने तेथेच थांबावे आणि बाकीच्यांनी गावात जावे, की सगळ्यांनीच जावे? थांबायला कोणी तयार नाही, आणि तिला एकटीला टाकून जायलाही कोणी तयार नाही. मग गावातली माणसे काठ्या, कुऱ्हाडी, डबे घेऊन निघतात. त्यांत तिचा मुलगा आहे, आणि त्याला कोणी पुढे जाऊ देत नाही. वनरक्षक येतो, तोही याच भागातला पोरगा, हातात फक्त काठी. फरफटत नेल्याच्या खुणा दिसतात आणि सगळ्यांचे बोलणे थांबते.

ही चाळीस मिनिटे तुला घटनेनेच दिली आहेत. यात काहीही गाळता येत नाही, म्हणून येथे कट न घेण्याला अर्थ आहे. कॅमेरा कोणाबरोबर असावा हे मी ठरवणार नाही. पण चौघींपैकी सर्वांत शेवटी जी तिच्याशी बोलली, तिच्याबरोबर तो राहिला तर काय होईल, याचा विचार करून पाहा. ती गावात सांगायला जाते, पुन्हा लोकांबरोबर जंगलात येते, आणि शोधाच्या शेवटी पुरुष तिला मागेच थांबवतात. तेव्हा कॅमेराही मागेच थांबेल. पुढे काय सापडले ते तिला माणसांच्या पाठींवरून कळेल, आणि आपल्यालाही तेवढेच कळेल. तुझ्या संहितेतल्या अखेरच्या पानावर प्रेताचे जे सविस्तर वर्णन आहे, त्याची मग गरजच उरणार नाही.

प्रेताविषयी आणखी थोडे लिहितो, कारण तेथे तुझी लेखणी सैल सुटली आहे. ‘उटोया’मध्ये एक प्रसंग आहे. गोळी लागलेली एक मुलगी कायाच्या मिठीत हळूहळू प्राण सोडते. काया तिच्याशी काहीबाही बोलत राहते, आणि कॅमेरा दोघींजवळ बसून राहतो. जखम दाखवण्याची त्याला घाई नाही. ती मुलगी गेल्यावर तिचा फोन वाजतो, पडद्यावर तिच्या आईचा कॉल आलेला असतो. तेथे रक्तापेक्षा वेळ अधिक खर्च केला आहे, आणि म्हणून तो प्रसंग सहन करणे कठीण जाते. तू चाळीस मिनिटांत रक्ताचे पाच क्लोज-अप लिहिले आहेस. एकही ठेवू नकोस असे मी म्हणत नाही, परंतु प्रत्येकापुढे हे पाहताना तिच्या लेकीला काय वाटेल, हा प्रश्न समासात लिही आणि मग काय उरते ते बघ.

याच ओघात परवानगीची गोष्ट येते, जिच्याविषयी तुझ्या पत्रात अवाक्षर नाही. पॉप्पे यांनी पडद्यावर एकाही खऱ्या मुलाला नावानिशी उभे केले नाही. वाचलेल्यांच्या अनेक हकिकती ऐकून त्यांनी पात्रे रचली, म्हणून काया कोणा एकीची गोष्ट नाही. वाचलेल्यांपैकी काही जण चित्रीकरणाच्या वेळी सल्ला द्यायला हजर होते, आणि अभिनेत्यांसाठी मानसोपचाराच्या जाणकारांची सोय होती. चित्रीकरण त्यांनी खुद्द त्या बेटावर न करता जवळच्या दुसऱ्या बेटावर केले. एवढी काळजी घेऊनही, इतक्या लवकर हा चित्रपट काढावाच का, असा प्रश्न नॉर्वेत विचारला गेला, आणि तो प्रश्न मला गैरलागू वाटत नाही. पॉप्पे चित्रपटांत येण्यापूर्वी वृत्तछायाचित्रकार होते, दुसऱ्याच्या संकटासमोर कॅमेरा धरणे म्हणजे काय हे त्यांनी अनुभवले होते. त्यांनासुद्धा या प्रश्नाला सामोरे जावे लागले.

तुझी अडचण त्यांच्याहून मोठी आहे. देश मोठा असतो, त्यात पात्र मिसळून टाकता येते. तुझ्या गावात नाव बदलून, साडीचा रंग बदलून काही उपयोग नाही. पहिल्याच दृश्यात सगळे ओळखतील. म्हणून संहिता पुढे लिहिण्याआधी त्यांच्या घरी जा. कॅमेरा, मोबाइल, वही यांपैकी काही नेऊ नकोस. आपण काय करू पाहतो आहोत ते सांग आणि त्यांना नको असेल तर मी हे करणार नाही, हे आधी सांग, नंतर नव्हे. पहिल्याच भेटीत होकार मिळाला तर तो पक्का धरू नकोस. आपल्याकडे दारात आलेल्या पोरीला लोक नाही म्हणत नाहीत. नुकसानभरपाईचा विषय निघेल, तेव्हा तू त्यात पडू नकोस, आणि चित्रपटामुळे काही काम होईल अशी आशा चुकूनही दाखवू नकोस. त्या चौघींकडेही जा. त्यांना पोलिसांनी विचारले, वनखात्याने विचारले, वार्ताहरांनी विचारले. पण तुम्ही तिला सोडून आलातच कशा, हा प्रश्न त्यांना गावानेही कोठेतरी विचारला असणार. तुझा चित्रपट ज्या वेळाविषयी आहे, तो त्या रोज पुन्हा जगत असतील. त्यांच्यापैकी कोणालाही स्वतःची भूमिका करायला लावू नकोस, मग ती स्वतः तयार असली तरी. आणि घटना जेथे घडली, जंगलाच्या त्या भागात पाऊलही टाकू नकोस. ते जंगल आहे, तेथे वाघ आजही फिरतो, आणि वनखात्याच्या परवानगीवाचून तेथे टोळी घेऊन जाणे हा गुन्हा ठरेल. गावालगतच्या शेतांच्या बांधांवर मोहाची पुष्कळ झाडे असतात. त्यांच्याखालची सकाळ तशीच दिसते.

मोह मार्च–एप्रिलमध्ये गळतो आणि तोही पहाटेपासून सकाळपर्यंत, म्हणून ज्या काळात तुला चित्रीकरण करायचे आहे तो फार थोड्या दिवसांचा आहे. त्याआधीच तालमी पूर्ण व्हायला हव्यात. पॉप्पेंच्या पथकाने दीर्घ तालमी केल्या आणि मग दिवसाला एक याप्रमाणे पाच टेक घेतले. त्यांतला एक निवडला. तूही दिवसाला एकापेक्षा जास्त टेक घेऊ नकोस, आणि हे मी अभिनेत्यांच्या दमण्यामुळे सांगतो आहे एवढेच नाही. पहाटेचा उजेड चाळीस मिनिटांत इतका बदलतो की एक टेक बिघडला की दुसरा घेईपर्यंत सूर्य वर आलेला असेल आणि पहिल्या हाकेच्या वेळचा अंधूकपणा नाहीसा झालेला असेल. कॅमेऱ्याची उजेडाची मोजणी आपोआप बदलणारी ठेवू नकोस, नाहीतर झाडाखालून मोकळ्यात येताना चित्र भगभगीत होईल. ती हाताने हळूहळू बदलायला एक माणूस लागेल आणि तालमीत त्यालाही चालायला लावावे लागेल.

अभिनेते शोधायला तुला पुण्या-मुंबईकडे पाहण्याचे कारण नाही. आपल्याकडे दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या निमित्ताने रात्रभर नाटके होतात, वडशाहून मंडळ्या निघतात, आणि त्यांत काम करणाऱ्या बायकांना तीन-चार तास प्रेक्षकांसमोर उभे राहून, संवाद चुकला तरी न थांबता प्रसंग पुढे नेण्याची सवय असते. या नाटकांतले कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आपल्या जंगलपट्ट्याच्या, रंगभूमीकडे बाहेरच्यांचे लक्ष गेले. आपल्याला ती आधीपासून ठाऊक होती. अखंड टेकला जो दम लागतो तो या कलावंतांकडे भरपूर आहे. एकच गोष्ट तुला त्यांच्याकडून सोडवून घ्यावी लागेल. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू जावे म्हणून आवाज आणि हात मोठे करण्याची त्यांना सवय असते, आणि तुझा कॅमेरा हातभर अंतरावर असणार. आयुष्याचा मोठा भाग रंगभूमीवर काढलेला माणूस म्हणून सांगतो, ही सवय समजावून सुटत नाही. तालमी मंचावर किंवा सभागृहात घेऊ नकोस, मोहाखालीच घे; प्रत्यक्ष फुले वेचायला लाव; हात कामात गुंतले की आवाज आपोआप खाली येतो. संवाद छापील भाषेत लिहिले आहेस ते बदल. ‘तू का थांबलीस’ असे तुझ्या गावातली कोणती बाई दुसरीला म्हणते? ‘काहून थांबली व’ म्हणत असेल तर तसेच असू दे, आणि बाहेरच्यांसाठी खाली अक्षरे दे.

आवाजाविषयी तुझ्या संहितेत फक्त ‘तणावपूर्ण पार्श्वसंगीत’ असे लिहिले आहे. ते खोडून टाक. संगीत प्रेक्षकाला पुढे काय येणार ते आधी सांगून ठेवते, आणि तुझ्या बायकांना कोणी काही सांगितलेले नाही. जंगलाच्या कडेला पहाटे किती आवाज असतात, हे तू लहानपणापासून ऐकते आहेस: वाळलेल्या पाल्यावर टपटप पडणारे मोहफूल, लांबचा ट्रॅक्टर, वानरांचा खेकसा, मोर. खेकसा थांबला की मोठी माणसे मान वर करतात. चित्रीकरणाच्या वेळी मिळालेला आवाज पुरणार नाही, तोंडाजवळच्या माइकमध्ये धापाच जास्त येतील. म्हणून वेगळ्या पहाटे फक्त आवाज टिपायला जा आणि नंतर ते संकलनात बसव. चित्रात कट नाही म्हणून आवाजातही नसावा, असा नियम कोणी केलेला नाही.

तू लिहिले आहेस की लपवलेला एकही कट घेणार नाही, कारण ती फसवणूक होईल. या बाबतीत मला तुझ्याइतका सोवळेपणा वाटत नाही. 1948 साली हिचकॉक यांनी ‘रोप’ केला तेव्हा कॅमेऱ्यात एका वेळी सुमारे दहा मिनिटांचीच फिल्म मावत असे, म्हणून एखाद्याच्या पाठीवर कॅमेरा नेऊन जोड लपवावे लागले. 2002 साली अलेक्सांद्र सोकुरोव यांनी सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात ‘रशियन आर्क’ खरोखरच एका टेकमध्ये टिपला, कारण तोवर फिल्मऐवजी हार्ड डिस्क आली होती. ‘1917’ या चित्रपटात जोड आहेत आणि ते लपवले आहेत. प्रेक्षकाला मध्येच सुटका मिळाली नाही, एवढे साधले की पुरे. तुझ्या चाळीस मिनिटांत एखाद्या बाईच्या पदराआड एक जोड घ्यावा लागला, तर तो घे आणि कोणी विचारले तर सांग. फक्त जाहिरातीत ‘एकाच टेकमध्ये’ हे शब्द ‘सत्य घटनेवर आधारित’ या शब्दांच्या वर छापू नकोस. एखाद्या बाईच्या मरणाशेजारी आपल्या कसरतीची बढाई मारलेली मला पाहवणार नाही.

आता गिंबल. घेऊ नकोस. पळणाऱ्या बाईमागे तरंगणारा गुळगुळीत कॅमेरा हा कोणाचाच डोळा नसतो. मार्टिन ओटरबेक यांनी ‘उटोया’ हातातल्या कॅमेऱ्याने टिपला, झाडीत धावत, जमिनीवर लोळत, आणि त्या कामासाठी त्यांना त्या वर्षी युरोपीय चित्रपट पुरस्कार मिळाला. मोबाइल चालेल, फक्त एप्रिलमध्ये आठ वाजल्यानंतर आपल्याकडच्या उन्हात तो तापून मध्येच बंद पडतो, म्हणून सुरुवात उजाडण्याआधी कर, विमान मोड लाव, आणि साठवणुकीची जागा दुप्पट ठेव. कॅमेरा धरणारा चांगला चालणारा हवा. तुझ्या गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलातला, म्हणजे वाघ गावाजवळ आला की वनखात्याला मदत करणाऱ्या गावकऱ्यांतला, एखादा मुलगा अनवाणी पाल्यावरून आवाज न करता चालतो का ते पाहा. त्याला चौकट शिकवणे सोपे जाईल.

संहितेचा पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा सोबत दोन गोष्टी पाठव. एका कागदावर मोहाची झाडे, गावाची वाट, नाला आणि शेताचा बांध काढून कॅमेऱ्याची चाल रेषेने दाखव आणि प्रत्येक वळणाशी मिनिट लिही. दुसरे म्हणजे त्या घरी जाऊन आल्यावर ते काय म्हणाले ते, त्यांच्याच शब्दांत, जसेच्या तसे. ‘नको’ म्हणाले असतील तर तेही लिही, आणि मग खर्डा पाठवू नकोस. आपण दुसऱ्या एखाद्या गोष्टीविषयी बोलू.

कळावे, लोभ असावा.
तुझा,
सर

ता. क. ड्रोनसाठी कोणाला आगाऊ रक्कम दिली असशील तर ती परत माग.